पिकअप गाडीचे अपडेट, गिअर आणि डिझेलचा हिशेब



या पत्रकातून आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग यांची माहिती घेतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण तोही शेतीच्याच खर्चाचा आहे. भेंडी, काकडी, कारली, दुधी पिकवणे हे निम्मे काम झाले. तो माल पहाटे बाजारात पोचवणे हे उरलेले निम्मे. मुरबाड, शहापूर, अंबरनाथ, कल्याण या भागांत आता बऱ्याच शेतकऱ्यांकडे स्वतःची नाहीतर भावकीत मिळून घेतलेली पिकअप आहे. त्या गाडीच्या डिझेलला जो पैसा जातो, तो शेवटी भाजीच्याच पट्टीतून जातो.

गेल्या हंगामात सरळगाव बाजूच्या एका शेतकरी काकांनी मला वाटेत थांबवले. म्हणाले, "साहेब, सर्व्हिसिंगला गाडी दिली होती. त्यांनी कॉम्प्युटर लावून काय तरी अपडेट टाकलं. तेव्हापासून गाडी मेल्यासारखी चालते. एव्हरेज तेरावरून खाली आलं. एक जण म्हणतो, दहा हजार द्या, जुनं सगळं काढून नवीन मॅप मारून देतो. मारू का?"

मी त्यांना म्हटले, "काका, थांबा जरा. आधी मोजू, मग बोलू." मी शेतकी पदवीधर, इंजिनाचा मिस्त्री नाही. म्हणून जाणत्या फिटरांना विचारले, गाडीचे पुस्तक वाचले आणि काकांच्या गाडीत बसून कल्याणपर्यंत दोन फेऱ्या केल्या. त्यातून जे समजले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून इथे देत आहे.

गाडीचा कॉम्प्युटर करतो तरी काय?

जुन्या डिझेल गाडीत एक्सलेटरची तार थेट पंपाला जोडलेली असे. पाय जितका दाबाल तितके डिझेल जाई. आताच्या गाडीत ती तार नाही. पायाखाली फक्त एक पेडल आहे. ते कॉम्प्युटरला एवढेच सांगते की चालकाला किती ओढ पाहिजे. किती डिझेल द्यायचे आणि कोणत्या क्षणी द्यायचे, हे कॉम्प्युटर ठरवतो. त्यासाठी तो इंजिनाचा वेग, आत येणारी हवा, पाण्याची गरमी आणि डिझेलच्या नळीतला दाब सतत पाहत असतो.

हे भाताच्या खतासारखे आहे. आपण भाताला सगळा युरिया एकदम टाकत नाही, हप्त्याने देतो. एकदम टाकला तर निम्मा वाया जातो आणि पीकही लोळते. कॉम्प्युटरही तसेच करतो. पिस्टनच्या एका फेरीतसुद्धा तो डिझेल दोन-तीन हप्त्यांत देतो. आधी चिमूटभर, मग मुख्य हप्ता, गरज पडली तर शेवटी आणखी थोडे. त्यामुळे आवाज कमी येतो, धूर कमी होतो आणि डिझेल नीट जळते.

देशभर 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम लागू झाले. त्यानंतर 1 एप्रिल 2023 पासून गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर किती धूर सोडते याचाही विचार सुरू झाला. त्यामुळे नव्या गाड्यांत या कॉम्प्युटरचे काम बरेच वाढले आहे.

अपडेट म्हणजे काय?

कॉम्प्युटरच्या आत हिशेबाचे तक्ते भरलेले असतात. इतका पाय, इतका वेग, इतकी गरमी असेल तर इतके डिझेल, असे ते तक्ते. कंपनीला त्यात काही चूक सापडली किंवा सुधारणा करायची असली, की सर्व्हिसिंगच्या वेळी तक्ते बदलतात. यालाच अपडेट म्हणतात. इंजिनाचा एकही नटबोल्ट बदललेला नसतो, पण गाडीचा स्वभाव बदलू शकतो.

सर्वांत आधी जाणवतो तो पेडलमधला फरक. समजा, पूर्वी अर्धा पाय दाबला की गाडी उसळी घ्यायची. नव्या तक्त्यात तीच ओढ मिळायला थोडा जास्त पाय लागतो. चालकाला वाटते, गाडीत दम राहिला नाही. मग तो दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच गाडी ताणत राहतो आणि वरचा गिअर उशिरा टाकतो. इंजिन जास्त फिरते, डिझेल जास्त जाते. दोष अपडेटचा दिसतो, पण डिझेल खातो तो उशिरा टाकलेला गिअर. काकांच्या गाडीत मी हेच पाहिले. म्हारळ ते गोवेली सपाट रस्ता, गाडी रिकामी, आणि काका तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडवत होते.

उलटेही घडते. काही अपडेटनंतर पेडल हलके होते, मग चालक वरचा गिअर फार लवकर टाकतो आणि इंजिन दबून खडखडते. तेही नुकसानीचेच. म्हणजे अपडेट झाल्यावर आपल्या पायाला आणि हाताला गाडीची ओळख नव्याने करून द्यावी लागते. माझा सल्ला असा की पहिले 400 ते 500 किलोमीटर गाडीबद्दल मत बनवू नये.

पहिले काम: टाकी ते टाकी मोजणी

समोरच्या पडद्यावर दिसणारे एव्हरेज हा कॉम्प्युटरचा अंदाज असतो. अपडेटने तो अंदाज करण्याची रीतही बदलू शकते. म्हणून आधीचा पडदा आणि नंतरचा पडदा यांची तुलना करू नये. खरे माप पंपावरच मिळते. ते असे घ्यावे.

1. नेहमी एकाच पंपावर, शक्य तर एकाच मशीनवर, गाडी सपाट जागी उभी करून टाकी भरावी. नोझल पहिल्यांदा कट झाले की थांबावे. वरून ठासून भरू नये.

2. त्याच वेळी किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. सोबत तारीख आणि माल किती होता तेही लिहावे.

3. पुढच्या वेळी पुन्हा तसेच भरावे. मधल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. म्हणजे 396 किलोमीटरला 33 लिटर लागले, तर एव्हरेज 12.

4. एका टाकीवर निकाल देऊ नये. निदान तीन टाक्यांची सरासरी धरावी. लग्नसराईची गर्दी, एखाद्या दिवशीचा जादा माल, पाऊस यांनी एक टाकी इकडे-तिकडे होते.

काकांकडे पंपाची जुनी बिले होती. हिशेब केला तेव्हा कळले की अपडेटच्या आधीही गाडी तेरा देत नव्हती, बारा देत होती. तेरा हा आकडा पडद्यावरचा होता. अपडेटनंतर मात्र 385 किलोमीटरला 36 लिटर लागले होते, म्हणजे साधारण 10.7. काकांची तक्रार खोटी नव्हती, पण वाटली तेवढी मोठीही नव्हती.

हा फरक किरकोळ समजू नका. हिशेबाला सोपे जावे म्हणून डिझेल 90 रुपये लिटर धरू. रोज साठ किलोमीटरची फेरी आणि महिन्याला 26 फेऱ्या, म्हणजे 1,560 किलोमीटर होतात. एव्हरेज 12 असेल तर 130 लिटर लागतात, 10 असेल तर 156 लिटर. महिन्याला 26 लिटर, म्हणजे 2,340 रुपये जास्त. आठ महिन्यांच्या हंगामाला 18,720 रुपये. एवढ्या पैशात बियाणे आणि खताचा बराच खर्च निघतो.

गिअर कधी बदलावा?

लहान डिझेल पिकअपची सर्वांत चांगली ओढ साधारणपणे 1,400 ते 2,200 फेऱ्यांच्या दरम्यान मिळते. फेऱ्या म्हणजे मीटरवरचे आरपीएम. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात दिलेला असतो, तो एकदा पाहून घ्यावा. गाडी या पट्ट्यात ठेवणे हेच गिअर बदलण्याचे सगळे शास्त्र आहे.

- गाडी रिकामी किंवा हलकी आणि रस्ता सपाट असेल, तर 2,000 च्या आसपास वरचा गिअर टाकावा.

- माल भरलेला असेल किंवा चढ असेल, तर 2,200 ते 2,500 पर्यंत थांबावे. त्याआधी टाकला तर वरच्या गिअरला इंजिन दबते.

- फेऱ्या 1,300 च्या खाली आल्या, गाडी थरथरू लागली किंवा खडखड आवाज आला, की खालचा गिअर घ्यावा. तिथे पाय तळापर्यंत दाबून उपयोग नाही. कमी फेऱ्यांना टर्बोची हवा पुरत नाही, डिझेल अर्धवट जळते, काजळी होते.

- पेडल झटक्याने दाबू नये. हळू पण ठाम दाबावे. चार चढ-उतारांनंतर नव्या पेडलचा अंदाज पायाला येतो.

- क्लचवर पाय ठेवून चालवू नये. शहाड किंवा पत्रीपुलाच्या गर्दीत हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याऐवजी हँडब्रेक लावावा.

काही गाड्यांत गिअर वर घ्या किंवा खाली घ्या असे सांगणारा बाण पडद्यावर दिसतो. तो रिकाम्या, सपाट रस्त्याला चांगला सल्ला देतो. पण तुमच्या हौद्यात किती गोणी आहेत हे त्याला डोळ्यांनी दिसत नाही. भरल्या गाडीत चढावर आपल्या कानावर विश्वास ठेवावा.

एक सोपा प्रयोग करा. मोकळ्या रस्त्यावर शेजारी कोणाला तरी बसवा. प्रत्येक गिअरमध्ये 1,400 आणि 2,200 फेऱ्यांना गाडीचा वेग किती असतो, तो त्याला कागदावर लिहायला सांगा. तो कागद काचेजवळ लावून ठेवा. आठ दिवसांत कागदाची गरज राहणार नाही.

उतारावर न्यूट्रल मारू नका

माळशेज घाटातून जुन्नर-ओतूरकडचा माल घेऊन येणाऱ्या बऱ्याच चालकांना ही सवय आहे. न्यूट्रल मारले की डिझेल वाचते, असा समज आहे. जुन्या इंजिनात जे असेल ते असो, आताच्या गाडीत हे उलटे आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सलेटर पूर्ण सोडला, की कॉम्प्युटर डिझेल बंद करतो. चाकेच इंजिनाला फिरवतात. फेऱ्या अगदी खाली आल्यावरच तो पुन्हा डिझेल देतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवण्यासाठी डिझेल जळतच राहते.

शिवाय न्यूट्रलमध्ये गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून लागेनासे होतात. इंजिन बंद करून उतरणे तर जिवावरचा खेळ आहे, कारण ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि स्टिअरिंगही जड होते. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये तो उतरावा. डिझेलही वाचते आणि माणूसही घरी पोचतो.

धुराची जाळी आणि शहरातली कोंडी

बीएस-6 डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. गॅरेजमध्ये तिला डीपीएफ म्हणतात. जाळी भरत आली की कॉम्प्युटर जादा डिझेल देऊन धूर तापवतो आणि काजळी जाळून टाकतो. त्या वेळी एव्हरेज पडते आणि गाडी थोडी जड वाटते. अपडेटमध्ये ही सफाई कधी करायची याचा तक्ता बदललेला असू शकतो.

कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा दुर्गाडी पुलाजवळ तासभर पुढे-मागे करणाऱ्या गाडीची जाळी लवकर भरते. सफाई सुरू झाली आणि तुम्ही बाजारात पोचून इंजिन बंद केले, तर काम अर्धवट राहते. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि डिझेल दोनदा खर्च. म्हणून जाळीचा दिवा लागला, तर मुरबाड रस्त्यासारख्या मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एका लयीत 50 ते 60 च्या वेगाने गाडी चालवावी. एक गिअर खाली ठेवला तर सफाई लवकर होते.

दोन गोष्टींची काळजी घ्या. सफाई चालू असताना सायलेन्सर अतिशय तापतो. भाताच्या झोडणीच्या दिवसांत खळ्याजवळ, पेंढ्यावर किंवा वाळल्या गवतावर अशी गाडी उभी करू नये. पेंढा पेटायला वेळ लागत नाही. दुसरे म्हणजे, सफाई वारंवार अर्धवट राहिली तर थोडे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. आठवड्यातून एकदा पट्टीने ऑइल पाहावे. ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले, तर लगेच गॅरेजला दाखवावे.

शेतातला युरिया गाडीत नको

काही गाड्यांना डिझेलबरोबर युरियाचे पाणी लागते. त्यात 32.5 टक्के अतिशुद्ध युरिया असतो. "युरिया आपल्या घरात आहे, मग विकत कशाला?" असे मला दोघांनी विचारले. शेतकी खात्याचा माणूस म्हणून स्पष्ट सांगतो, तसे कधीही करू नका. आपल्या युरियाला निंबोळी तेलाचा थर असतो आणि त्यात बाययुरेटसारखे घटकही असतात. पिकाला ते चालते, गाडीची यंत्रणा मात्र तुंबते. मग कॉम्प्युटर स्वतःच गाडीची ताकद कमी करतो आणि आपण पुन्हा अपडेटला दोष देतो.

तरीही एव्हरेज आले नाही तर?

काकांनी गिअरची सवय बदलली. पुढच्या टाकीला 391 किलोमीटरला 34 लिटर लागले, म्हणजे 11.5. निम्म्याहून जास्त तूट भरून निघाली, पण बारा आले नाहीत. चढावर काळा धूरही दिसत होता. मी म्हटले, "काका, आता वही घेऊन गॅरेजला जा." तिथे गाडी नीट तपासली, तेव्हा टर्बोकडून येणाऱ्या हवेच्या नळीची पट्टी सैल निघाली. सर्व्हिसिंगच्या वेळी ती नीट आवळली गेली नव्हती. पट्टी आवळल्यावर 396 किलोमीटरला 33 लिटर लागले. बारा परत आले. म्हणजे थोडा दोष सवयीचा आणि थोडा सैल पट्टीचा. मॅपवाल्याला दहा हजार दिले असते तर पट्टी सैलच राहिली असती.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी घरच्या घरी चाकांतली हवा, एअर फिल्टरची धूळ आणि हातब्रेक अडकत नाही ना, हे पाहावे. मग वहीतले आकडे दाखवून लेखी तक्रार द्यावी. अपडेट कोणते व कशासाठी टाकले हे जॉबकार्डावर लिहून मागावे. स्कॅनर लावून काही दोष नोंदले आहेत का ते विचारावे. "गाडी ओढत नाही" एवढेच सांगितले तर कोणी ऐकत नाही. "आधी बारा, आता अकरा, ही तीन टाक्यांची बिले" म्हटले की ऐकावेच लागते. दाद मिळाली नाही तर कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा क्रमांकही आहे.

बाहेरून मॅप मारून घेणे किंवा जाळी काढून टाकणे हा मार्ग घेऊ नये. वॉरंटी जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आणि तो धूर शेवटी जातो कोणाच्या छातीत? बाजारात गाडीमागे उभ्या असलेल्या आपल्याच हमालाच्या आणि आपल्या पोरांच्या.

लक्षात ठेवा

- अपडेटनंतर 400 ते 500 किलोमीटर धीर धरा आणि पायाला नव्या पेडलची सवय होऊ द्या.
- पडद्यावरचे एव्हरेज नको. टाकी ते टाकी मोजा, तीन टाक्या मोजा, वहीत लिहा.
- इंजिन ओरडवू नका आणि दाबूही नका. ओढीच्या पट्ट्यात गिअर बदला.
- उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा.
- जाळीचा दिवा लागला तर मोकळ्या रस्त्यावर सफाई पूर्ण होऊ द्या. पेंढ्यापासून गाडी दूर ठेवा.
- शेतातला युरिया शेतातच टाका.
- तक्रार करायची तर आकड्यांसह आणि लेखी करा.

बंधू-भगिनींनो, आपण पिकाच्या खर्चाची वही ठेवतो, तशी गाडीचीही ठेवावी. एक पाच रुपयांची पेन्सिल आणि पोराच्या शाळेची जुनी वही एवढ्यावर हे काम होते. या हंगामात तीन टाक्यांचा हिशेब करून पाहा आणि काय आढळले ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.

राम राम.